नानाजींच्या नावाचं लाकूड

गुणवंतराव मोहुर्ल्यांनी घरातलं लाटणं शेळीच्या पायाला बांधलं, त्याच दिवशी खरं म्हणजे हळदटोल्यानं सावध व्हायला हवं होतं. पण मूल तालुक्याकडच्या आमच्या पट्ट्यात धान कापणीला आलं की माणसाला स्वतःच्या पाठीकडं बघायची फुरसत नसते, तिथं शेळीच्या पायाकडं कोण बघतो?

शिवाय लाटणं हे आमच्याकडं तसं रिकामटेकडं भांडं. आम्ही भात खाणारी माणसं. पोळी होते ती जावई आला तर, नाहीतर नागपूरचा पाहुणा आला तर. एरवी लाटणं फळीवर पडून झुरळांना धाक दाखवतं. त्यामुळं ते घरातून गेल्याचं अन्नपूर्णाबाईंना बरेच दिवस कळलंच नाही. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

गुणवंतराव पाटबंधाऱ्याच्या कचेरीतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त झाले ते अंगानं. जिभेनं अजून कचेरीतच होते. ‘सदर चहात साखर कमी आहे’ असं ते बायकोला सांगायचे आणि बायको ‘पुढील कार्यवाहीसाठी तुमीच उठा’ म्हणून उत्तर द्यायची. अशा माणसाला तालुक्याच्या सभागृहात प्रथमोपचाराच्या एक दिवसाच्या प्रशिक्षणाला बोलावलं. पोहे बरे होते, चहा दोनदा होता आणि शिकवायला आलेला तरुण मोठा तोंडाळ होता. तो म्हणाला, “औषधपेटी नाही म्हणून अडून बसू नका. तुमचं घर हीच औषधपेटी आहे. फक्त नजर पाहिजे!”

गुणवंतरावांना ती नजर तिथल्या तिथं आली. आणि चष्म्याचा नंबर एकदा वाढला की उतरत नाही, तसं झालं.

घरी येताच त्यांना ओढणीत झोळी दिसायला लागली, छत्रीत पायाची फळी, वर्तमानपत्रात मोडक्या हाताला बांधायची खपची आणि अन्नपूर्णाबाईंच्या ठेवणीतल्या लुगड्यात एक उत्तम प्रतीचं स्ट्रेचर. लुगड्यावरून जे झालं ते मी सांगत नाही. घरातल्या गोष्टी घरात राहाव्यात. एवढंच सांगतो की, त्या दिवशी गुणवंतरावांनी स्वतःवरच थंड पाण्याच्या घड्यांचा प्रयोग केला.

पण शिकलेली विद्या माणसाला पचत नाही, बाहेर पडू बघते. तलावावरचा डोमा मासे विकायला आला. त्याच्या बोटाला झिंग्याचा काटा लागला होता. गुणवंतरावांनी त्याचा हात कोपरापर्यंत वर्तमानपत्रात गुंडाळून गळ्यात अडकवला.

“भाऊ, बोटाले लागलं जी, हाताले नाई,” डोमा म्हणाला.

“सदर बोट हाताचाच भाग आहे.”

डोमानं तसाच एका हातानं दिवसभर मासा विकला. दुसऱ्या दिवशी तो कागद सोडून त्यात झिंगे बांधून दिले. विद्या वाया गेली नाही म्हणायची.

मग घरची शेळी लंगडली. गुणवंतरावांनी आधी कागदाची खपची बांधली. शेळीनं ती खाल्ली. पुन्हा बांधली, पुन्हा खाल्ली. शेळीला लेख आवडला असावा. तेव्हा शास्त्राचा विचार करून, न खाण्याजोगी, सरळ आणि टणक अशी वस्तू म्हणून लाटणं बांधलं गेलं. शेळी दिवसभर अंगणात टकटक करत फिरली, एखादा पेन्शनर काठी टेकत फिरतो तशी.

या सगळ्यावर गल्लीचा सल्ला चालूच होता. गल्ली म्हणजे मुख्यतः समोरचे नानाजी. नानाजींचं वय सत्तरीच्या पलीकडं, वजन दीड पोत्याच्या अलीकडं. एकेकाळी शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, त्यांची जोडी गाजलेली. पट संपले, बैल गेले, पण नानाजींच्या तोंडाची धाव तीच. ओट्यावर बसून ते रोज विचारायचे, “काऊन गुणवंतराव, आज कोनाले वाचवून राह्यले?”

गुणवंतरावांना हा प्रश्न झोंबायचा. म्हणून त्यांनी ग्रामपंचायतीकडं रीतसर औषधपेटी मागितली. पेटी मंजूरही झाली, आलीसुद्धा! पांढरी, लाल फुलीची. पण ती आली आणि कपाटात गेली. कपाटाची किल्ली ग्रामसेवकाकडं आणि ग्रामसेवकाकडं तीन गावं. तो इथं असायचा तेव्हा किल्ली तिथं असायची आणि किल्ली इथं यायची तेव्हा तो मिटिंगला असायचा. काचेतून पेटी दिसायची मात्र. गुणवंतराव जाताना-येताना तिच्याकडं बघायचे, देवळाच्या बंद दारातून बघावं तसं.

आणि अशातच ती सकाळ उजाडली. शेळीनं पाय झटकून लाटणं सोडवलं आणि नेमकं नानाजींच्या पायरीवर सोडलं. नानाजी रोजचा प्रश्न विचारायला बाहेर पडले. पहिला शब्द ‘काऊन’ तोंडातून निघाला आणि पाय लाटण्यावर पडला. आता लाटण्याचा धर्म काय? लाटणं! ते आपल्या धर्माला जागलं. नानाजी पायरीवरून अंगणात आले ते चालत नाही आले.

गुणवंतराव धावले. नानाजींची उजवी नडगी जिथं वाकू नये तिथं वाकली होती. त्यांनी आधी पाय पाहिला, मग लाटणं पाहिलं. मागून अन्नपूर्णाबाई आल्या. त्यांनीही लाटणं पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “अजी, या मानसाचा पाय गेला तं मी याहीच्या बायकोले, गिरजाबाईले, तोंड कसं दाखवू?”

गुणवंतरावांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. गाडी निघाली, पण फाट्यापर्यंतच येणार होती. पुढचा रस्ता नळाच्या पाइपांसाठी खोदलेला आणि पाइप अजून यायचे होते. म्हणजे तलावाची पाळ ओलांडून फाट्यापर्यंत नानाजींना उचलून न्यायचं. बैलगाड्या धानात, ट्रॅक्टर मळणीला. आणि नानाजींच्या पायाचा अंगठा थंड पडत चाललेला. प्रशिक्षणातलं एक वाक्य गुणवंतरावांच्या कानात घुमायला लागलं: बोटं थंड पडली तर वेळ दवडू नका.

ती घटकाभर गुणवंतराव जे वागले, तसं ते उभ्या नोकरीत वागले नव्हते. टिपण नाही, शेरा नाही. त्यांनी लाटणं उचललं आणि एका बाजूला लावलं, दुसऱ्या बाजूला छत्री, मध्ये अन्नपूर्णाबाईंची चादर फाडून घडी. ज्यानं पाय मोडला त्यालाच पाय धरायला लावलं. मग शिकवल्याप्रमाणं मोडका पाय धडक्या पायाला बांधला. अंगठा निळसर दिसला, तेव्हा एक गाठ सैल केली. थोडा रंग आला, पण ऊब येईना.

“डोमा, बांबू आण. दोन. लांब.”

डोमानं जाळ्याचे दोन हिरवे बांबू आणले. शिकवणाऱ्यानं सांगितलं होतं, शर्टाच्या बाह्यांतून बांबू घाला, गुंड्या लावा, स्ट्रेचर तयार. चार शर्ट लागतात. गुणवंतराव, डोमा, नानाजींचा पुतण्या सुरेंद्र आणि कापणीला निघालेला विनोद, चौघांनी शर्ट काढले. नानाजींना ठेवताच शर्टांच्या गुंड्या लाह्यांसारख्या उडाल्या. मग वरून नानाजींचंच धोतर गुंडाळून सुतळीनं आवळलं, तेव्हा कुठं ते टिकलं. रुग्णाला उबदार ठेवायचं म्हणून अंगावर पांढरी चादर घातली. ऊन डोळ्यांवर येतं म्हणून तिचं एक टोक तोंडावर. कळ सोसवेना म्हणून दातात गमछ्याचा बोळा. सूज उतरायला थंड पाणी हवं, आणि थंड पाणी मडक्यातच असतं, म्हणून मडकं दोरीच्या शिंक्यात घालून गुणवंतरावांनी स्वतः हातात घेतलं आणि ते पुढं झाले. त्यांच्या जागी खांद्याला शेजारचा श्रावण लागला. तो आधीपासून उघडाच होता.

आता तुम्हीच डोळ्यांपुढं आणा. उघड्या अंगाचे चार गडी, हिरवे बांबू, पांढरी चादर, एकत्र बांधलेले पाय आणि पुढं मडकं धरून खाली मान घातलेला माणूस. गुणवंतरावांनी एकही गोष्ट शास्त्र सोडून केलेली नव्हती.

त्यात गिरजाबाई. गाडीत एकच माणूस बसेल असं कुणीतरी सांगितलं आणि तो माणूस गुणवंतराव असणार हे ऐकून त्या माऊलीनं हंबरडा फोडला, “मले सोडून काऊन चालले होऽ! मले बी संगं न्या होऽ!” दवाखान्यात बसून राहायचं म्हणून त्यांनी मुरमुऱ्यांची पिशवी घेतली होती. पिशवीला खालून भोक होतं. वाटेवर पांढरी रेघ पडत चालली.

पाळीच्या अलीकडं धानाची कापणी चालली होती. पहिल्या बांधीतला, म्हणजे शेताच्या तुकड्यातला, माणूस ताठ उभा राहिला, त्यानं विळा खाली ठेवला, टोपी काढली. मग दुसरा. मग बाया. आमच्याकडं मयतीत कोण गेलं हे विचारायची रीत नाही. आधी खांदा द्यायचा, विचारायचं ते परत येताना. आणि रिकाम्या हातानं यायचं नाही. घरटी एक लाकूड आणायचं. हळदटोल्याची पोरं पुढं पळाली तसा पलीकडच्या गावातला किराणा बंद झाला, पिठाची गिरणी थांबली आणि खांद्यावर एकेक लाकूड घेऊन माणसं वाटेला लागली.

“अहो, तसं काही नाही!” गुणवंतराव मागं वळून ओरडले. “सदर इसम हयात आहे!”

“हो जी हो,” एक म्हातारा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, “आपल्यासाठी तं तो कदीच मरनार नाई. पन धीर धरा.”

“बाबा, खरंच जिवंत आहेत ते!”

“लई जीव होता भाऊचा त्याहीच्यावर,” म्हातारा मागच्याला म्हणाला. “समोरासमोर घर ना.” आणि त्यानं डोळे पुसले.

नानाजींनी एक हाक मारली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण तोंडात बोळा होता, हे एक. दुसरं असं की, चादरीखाली त्यांना जे ऐकू येत होतं ते त्यांनी सत्तर वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. “दिलदार मानूस.” “असा मानूस होनं नाई.” “त्याहीच्या वांग्याची भाजी, अहाहा!” पायाची कळ मस्तकात जात होती आणि कान मात्र तूपभात खात होते. एकदा गुणवंतरावांनी चादर उचलून विचारलं, “नानाजी, काही सांगता का लोकांना?” तर नानाजींनी डोळ्यांनीच दटावलं, की राहू दे.

आणि एक गोष्ट गुणवंतरावांच्या ध्यानात यायला वेळ लागला. वाट संपत होती! पालखी पळाल्यासारखी पळत होती. चार गडी असते तर पाळीवर दहादा टेकले असते. इथं खांदा घ्यायला रांग लागली होती. एक दमायच्या आत दुसरा बांबूखाली शिरायचा. खोदलेली नाली आली तर दोन्ही काठांवर माणसं उभी राहिली आणि नानाजी या हातातून त्या हातात गेले, अंगाला हिसका न बसता. जित्या माणसासाठी एवढी माणसं गोळा करायची म्हणजे ग्रामसभेचा कोरम आठवा! गुणवंतरावांनी अंगठा चाचपला. थंड. पण अजून काळा नाही. त्यांनी ओरडणं बंद केलं आणि मडकं सावरत पाय उचलले.

तिथंच चुकलं. पाळीच्या टोकाला वाट फुटते. उजवीकडं फाटा, डावीकडं स्मशान. माणसांचा लोंढा सवयीनं डावीकडं वळला.

“उजवीकडं! उजवीकडं चला!” गुणवंतराव आडवे झाले.

“भाऊ,” विनोदच्या जागी आलेला एक धिप्पाड माणूस समजुतीनं म्हणाला, “दुःखात मानसाले दिशा समजत नाई. तुमी या आमच्या मागं.”

“अरे, तिकडं गाडी उभी आहे!”

“गाडी कायले पायजे? हे काय, दोन पावलावर.”

डोमा, सुरेंद्र मागं पडलेले, खांदे सगळे परके. फाट्यावरून ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू आला, एकदा, दोनदा. पेशंट नाही म्हणून ती वळली तर? गुणवंतरावांनी एका हातानं पुढचा बांबू धरला. मडकं हिंदकळलं. “हात जोडतो, ऐका माझं,” ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. ते पाहून लोक अजूनच हळहळले आणि अजूनच डावीकडं निघाले.

एवढ्यात पुढच्या बांबूखालचा पोचू बोलायला लागला. पोचू पलीकडच्या गावचा. शंकरपटात नानाजींच्या जोडीनं त्याच्या जोडीला हरवलं की नाही, यावरून दोघांचं बोलणं बंद झालेलं. तेव्हाचे बैल जाऊन त्यांच्या कातड्याच्या वहाणा झिजल्या, पण अबोला झिजला नव्हता. तो पोचू हुंदका देऊन म्हणाला, “आता लपवून काय करू? त्या पटात नानाजीचीच जोडी पुढं होती. माझ्या जोडीच्या आंधी पोचली. मी डोऱ्यानं पाह्यलं होतं.”

चादर उडाली. बोळा उडाला. नानाजी तिरडीवर अर्धे उठून गरजले, “ऐकलं का बे! साऱ्यायनं ऐकलं का? साक्षीदार हाय सारे!”

पुढं काय झालं ते शब्दांत मावत नाही. लाकडं पडली ती ढिगानं पडली. माणसं तलावाच्या दिशेनं गेली, काही तलावात गेली. तो धिप्पाड माणूस तर धानाच्या बांध्या मांजरासारखा उडत गेला. बांबूखाली उरला एकटा पोचू. तो पळाला नाही, कारण त्याचे पाय ऐकत नव्हते. मागचं टोक खाली जायच्या आत गुणवंतरावांनी मडकं टाकलं आणि स्वतःचा खांदा दिला. फायली सोडून काही न उचललेला खांदा! डोमा आणि सुरेंद्र धावत येऊन मिळाले.

“नानाजी, तुमी जित्ते हाय?” पोचूनं मागं न बघता विचारलं.

“हाय. पुन्हा बोल, काय बोलला तं.”

“मी मेलेल्याले सांगून राह्यलो होतो, जित्याले नाई!”

“मंग उजवीकडं चाल. तिथी भांडू.”

फाट्यावर गाडी वळायच्या बेतात होती. दारात उभी असलेली साधना सिस्टर ही वरात पाहून आधीच हात हलवायला लागली. “भाऊ, मयत नेत नाही आम्ही. नियम नाही.”

“मयत कोन हाय वो बाई?” नानाजी तिरडीवरून कडाडले.

सिस्टर दचकली, पण कामाची बाई. तिनं एक नजर टाकली, म्हणाली, “पेशंट कोणता?” आणि उघड्या अंगाचे, घामानं निथळणारे, ओठ पांढरे पडलेले गुणवंतराव पाहून त्यांच्याच दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधायला निघाली. गुणवंतरावांनी बोलता येईना म्हणून नुसतं अंगठ्याकडं बोट दाखवलं. तिनं अंगठा दाबून पाहिला, बांधणी पाहिली, लाटणं पाहिलं. चेहरा गंभीर झाला. “चला, लवकर!”

गाडीत एकच माणूस बसणार होता. गिरजाबाई धापा टाकत, रिकामी पिशवी छातीशी धरून मागून येत होत्या. गुणवंतराव पायरीवर चढलेले होते. ते उतरले आणि म्हणाले, “वहिनी, तुम्ही जा.”

गाडी गेली. धुरळा बसला. फाट्यावर एक वरिष्ठ लिपिक उघड्या अंगानं उभा होता. शर्ट गाडीत गेला होता, मडकं फुटलं होतं, आणि मागं गावाच्या वाटेवर नुसती लाकडं. दुपारपर्यंत तो तिथंच बसून होता. कुणी विचारलं नाही, ‘कोनाले वाचवून राह्यले?’ पहिल्यांदाच त्याला वाटलं, कुणीतरी विचारावं.

तिसऱ्या प्रहरी गिरजाबाईंचा फोन आला. “डाक्टर म्हनते पाय वाचला. म्हनते, बांधला कोनं? बांधनाऱ्यानं डोस्कं लावलं.” गुणवंतरावांना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला, अन्नपूर्णाबाईंना जवळ बोलावलं आणि पुन्हा सांगायला लावलं. मग अंगणात जाऊन पुन्हा, कारण घरात रेंज कमी येते.

उरलं लाकूड. मयतीसाठी बाहेर काढलेलं लाकूड आमच्याकडं परत घरात नेत नाहीत. ते वाटेवरून उचलून लोकांनी फाट्यावर रचलं आणि तिथंच राहिलं. मग थंडी पडली. सकाळच्या बसला येणारी माणसं कुडकुडायची आणि ढिगाकडं बघायची. शेवटी एकानं नानाजींनाच निरोप पाठवला, की जाळू का? नानाजींचा निरोप आला, “मी येईपर्यंत थांबा.”

पायाचं प्लॅस्टर निघाल्यावर नानाजी कुबडी टेकत फाट्यावर आले, सोबत गुणवंतराव. शेकोटी पेटली. पोचूही होता, जरा लांब. नानाजींनी स्वतःच्या सरणाच्या लाकडावर मजेत हात शेकले.

गुणवंतरावांनी बऱ्याच दिवसांची प्रलंबित बाब अखेर बाहेर काढली. “नानाजी, सदर लाटणं… ते आमचं होतं.”

“मले ठाऊक नाई का? माझ्याच पायाले बांधलं होतं ना तुमी!” नानाजी म्हणाले. “पन लाटन्यावरून पडलो म्हनून सांगू का चारचौघात? पटाच्या बैलानं धडक देल्ली म्हनून सांगतो मी साऱ्यायले. तुमी मधात बोलू नका.”

गुणवंतरावांनी सदर निवेदन मान डोलावून मंजूर केलं. लाकडं चटचटत होती. ढीग अर्ध्यावर आला तसा पोचू लांबूनच म्हणाला, “नानाजी, सारं शेकून संपवून राह्यले तुमी. प्रत्येक घराचं लाकूड एकडाव देऊन झालं. उद्या खरंच वेळ आली तं दुसऱ्यांदा कोन देईल?”

नानाजींनी कुबडीनं एक ओंडका आणखी आत ढकलला.

“कोनी नाई देनार,” ते समाधानानं म्हणाले. “म्हनजे मले मरता येत नाई आता. सरक जरा, पोचू. इकडं ये. धग चांगली हाय.”